आपला बोर्ड आपणच वाचायचा

असेंबल केलेल्या पीसीवर मॅक, म्हणजे ॲपलची मॅकओएस सिस्टीम, चालतंय का, हे मला अजूनही कोण ना कोण विचारतंच. कधी आमच्या बेळगावच्या शहापुरातला एखादा फोटोग्राफर, कधी इंजिनिअरिंगला असलेलं गल्लीतलं पोरगं, कधी खानापूरकडनं फोन. आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "दादा, तुमचा ईएफआय फोल्डर द्या की, पेनड्राईव्ह आणलाय." पीसीवर मॅक चालू करायच्या सगळ्या सेटिंगा त्या फोल्डरात असतात. फोल्डर देणं म्हणजे कॉपी-पेस्ट, तेवढ्यात चहापण येत नाही, खरं मी देत नाही. बसा म्हणतो आणि आधी त्यांच्या मदरबोर्डाचं मॉडेल विचारतो. निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं, आय-फाईव्ह आहे, सोळा जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, एवढंच सांगतात, कारण दुकानात आपल्याला तेवढंच सांगितलेलं असतं. मी फोल्डर का देत नाही ते एकदा नीट लिहायचं होतं. आता तर हे सगळं प्रकरणच संपत आलंय, म्हणून लिहूनच टाकतो.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचा. तुळशीचं लग्न झालं की जे काम सुरू होतं ते मृगाचा पाऊस लागेपर्यंत मान वर करू देत नाही, आणि आषाढ-श्रावणात हात एकदम मोकळे. कोल्हापूरकडच्या एका स्टुडिओचं ओव्हरफ्लोचं काम माझ्याकडं यायचं, ते लोक फायनल कट प्रो ह्या ॲपलच्या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे, म्हणजे मॅकवाले. त्यांची हार्डडिस्क माझ्या विंडोजला लावली की काय व्हायचं, तर विंडोज सरळ विचारायचं, ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करायला पाहिजे, करू का? ती चौकट स्क्रीनवर आली की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण आत कुणाच्यातरी पोरीचं अख्खं लग्न, हळदीपासून पाठवणीपर्यंत, आणि बटण माऊसच्या खाली. डिस्कचा फॉरमॅट ॲपलचा असल्यामुळं विंडोजला ती वाचताच येत नव्हती, डिस्क खराब होती असं काही नाही. मॅक घ्यायची ऐपत तेव्हा नव्हती. पीसी मात्र चांगला होता, आठव्या पिढीचा आय-फाईव्ह ८४००, बी३६० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, एक एक पार्ट भाव बघून जमवलेला. आत बसलेला इंटेलचा प्रोसेसर आणि २०१९ च्या आयमॅकमधला प्रोसेसर हे एकाच खानदानातले. मग चालायला काय हरकत आहे, असं वाटलं आणि शोधायला लागलो.

थोडं मागं जायला पाहिजे. ॲपलनं जून २००५ मध्ये जाहीर केलं की आता आम्ही पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर वापरणार, आणि तेव्हाच स्टीव्ह जॉब्सनी सांगितलं की गेली पाच वर्षं आमची सिस्टीम आतल्या आत इंटेलवर पण चालवून बघितली जात होती. डेव्हलपर लोकांना सरावासाठी म्हणून पेंटियम ४ वाली मशीनं दिली गेली, त्यातली सिस्टीम बाहेर फुटली आणि लोकांनी ती घरच्या पीसीवर चालवली. पहिला इंटेल मॅक बाजारात आला तो जानेवारी २००६ मध्ये, म्हणजे साध्या पीसीवरचा मॅक जवळजवळ खऱ्या इंटेल मॅकच्या आधीचा आहे! ह्यालाच हॅकिंटॉश म्हणतात. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीनं २००८ मध्ये असली मशीनं तयार करून विकायलाच काढली होती, ॲपलनं कोर्टात खेचलं आणि २००९ संपायच्या आत कोर्टानं विक्री बंद पाडली. विकायचा रस्ता तिथंच संपला, घरात बसून करणाऱ्यांचा मात्र चालू राहिला.

सुरुवातीच्या काळात रेडीमेड डीव्हीडी मिळायच्या. कुणीतरी सिस्टीमच्या आतल्या फायली बदलून, जमेल ते ड्रायव्हर कोंबून एक डीव्हीडी बनवायचा आणि लोक ती टाकायचे. लागली तर लागली, नाहीतर दुसरी डीव्हीडी. त्यात नेमकं काय बदललंय हे टाकणाऱ्याला माहीत नसायचं आणि पुढचा अपडेट आला की सगळं झोपायचं. नंतर सिस्टीमच्या आधी चालू होणारी छोटी सॉफ्टवेअरं, म्हणजे बूटलोडर आले, आधी कॅमेलियन, मग क्लोव्हर, आणि २०१९ पासून ओपनकोर. ओपनकोरची पद्धत मला मनापासून आवडली, कारण ते मॅकओएसच्या एकाही फाईलला हात लावत नाही. सिस्टीम ॲपलकडनं जशी येते तशीच डिस्कवर राहते. ओपनकोर बसतं त्याच्या आधी, ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये, आणि पीसी चालू झाला की बायोस (बोर्डातलं सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) आणि सिस्टीम यांच्या मधे उभं राहून सिस्टीमला मशीनची ओळख करून देतं.

ही ओळख करून देणं म्हणजे काय ते एकदा समजलं की बाकीचं सगळं उलगडत जातं. प्रत्येक मदरबोर्डाच्या आत एसीपीआय नावाचे तक्ते असतात, माझ्यात कोणते पोर्ट कुठं आहेत, घड्याळ कुठलं, प्रोसेसरला वीज कमी-जास्त कशी करायची, झोपवायचं कसं, उठवायचं कसं, हे सगळं त्यात लिहिलेलं. ॲपलच्या मशीनमधले तक्ते ॲपलनं आपल्या सिस्टीमसाठी लिहिलेले असतात. आपल्या बोर्डाचे तक्ते कंपनीनं विंडोज डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले. त्यामुळं मॅकओएस आपल्या बोर्डावर आलं की त्याला अर्ध्या गोष्टी कळतात आणि अर्ध्या कळत नाहीत, आणि ज्या कळत नाहीत त्यांच्यासाठी आपण एसएसडीटी नावाचे छोटे छोटे पुरवणी तक्ते लिहून द्यायचे.

उदाहरण द्यायचं तर घड्याळाचं. माझ्या बी३६० सारख्या ३०० सिरीजच्या बोर्डांवर एडब्ल्यूएसी नावाचं नव्या पद्धतीचं घड्याळ असतं. मॅकओएसला ते ओळखता येत नाही, त्याला जुनं आरटीसी घड्याळ लागतं. आणि जुनं घड्याळ बोर्डात असतंय, नुसतं बंद करून ठेवलेलं! पुरवणी तक्त्यात एवढंच सांगायचं की बाबा, जुनं चालू कर. तसंच दुसरं, एनव्हीरॅम. म्हणजे मशीन बंद केल्यावर पण आवाज किती ठेवला होता, कोणत्या डिस्कवरनं चालू व्हायचं, असल्या बारीक गोष्टी लक्षात ठेवायची जागा. बी३६०, एच३१०, झेड३९० ह्या बोर्डांवर मॅकओएसला तिथं लिहिता येत नाही, पीएमसीचा एक तक्ता द्यावा लागतो, तो दिला की लक्षात राहायला लागतं. पण झेड३७० ला तो लागत नाही. आता सांगा, झेड३७० वाल्याचा फोल्डर बी३६० वाल्यानं घेतला तर काय होणार? चालू होईल कदाचित. आणि मग रोज सकाळी मशीन कालचं विसरलेलं असेल आणि का विसरलं ते ह्याला आयुष्यात कळणार नाही.

मी हे सगळं एकट्यानं केलं नाही. माझा एक दोस्त उद्यमबागमधल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, वडगावला राहतो, शाळा कन्नड मीडियमची. माझी मराठी. लहानपणापासनं आम्ही बोलतो ते अर्धं मराठी अर्धं कन्नड, कुठलं वाक्य कुठल्या भाषेत सुरू झालं आणि कुठल्या भाषेत संपलं ते आम्हालापण सांगता येणार नाही. ओपनकोरचं नेटवरचं गाईड इंग्लिशमध्ये, मी मोठ्यानं वाचायचो, त्याला कळलेलं तो कन्नडमध्ये सांगायचा, मला कळलेलं मी मराठीत, आणि दोघांचं जुळलं की पुढची ओळ. बाहेर आषाढाचा पाऊस, आमच्या बेळगावचा, म्हणजे एकदा लागला की आठवडा आठवडा उघडीप नाही. मधेच लाईट जायची, यूपीएस टीं टीं करायला लागायचा, मशीन नीट बंद करायचं आणि लाईट यायची वाट बघत कॉन्फिगच्या ओळींवर वाद घालायचा. आई आतनं विचारायची, "काय करालासा रं रात्रभर, दोघांना झोप नाही काय?" आणि थोड्या वेळानं स्वतःच चहा घेऊन यायची.

दोस्ताला पहिल्यांदा मीच विचारलं होतं की आपल्याच बोर्डाचा कुणाचातरी तयार फोल्डर नेटवर दिसतोय, तो टाकून बघूया का. त्यानं मान हलवली. म्हणाला, "दुसऱ्याच्या जॉबचं फिक्श्चर आणून आपला जॉब बांधला तर बसतोय की. बसत नाही असं नाही. खरं माप बरोबर येत नाही, आणि चुकलं कुठं ते पण गावत नाही." जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, फिक्श्चर म्हणजे तो पकडून ठेवायची चौकट. उद्यमबागमध्ये दिवसभर मायक्रोमीटर घेऊन उभा असलेल्या माणसाचं हे बोलणं, त्यावर मी काय बोलणार. त्या दिवशी ठरलं, कोऱ्या नमुना फाईलपासनं सुरू करायचं. ओपनकोरसोबत सॅम्पल डॉट पीलिस्ट म्हणून एक फाईल येते, तीच घेऊन, नाव बदलून, गाईड शेजारी ठेवून, एक एक ओळ आपण भरायची. गाईडवाले पण हेच बजावून सांगतात, तयार फोल्डर वापरू नका.

बायोसमधली कामं पटकन होतात. सिक्युअर बूट बंद, फास्ट बूट बंद, सीएसएम बंद, साटा मोड एएचसीआय, व्हीटी-डी बंद, सीएफजी लॉक सापडला तर बंद आणि नाही सापडला तर ओपनकोरमध्ये त्याला एक पर्याय आहे. १०५० टीआय कार्ड मात्र काढून ठेवावं लागलं. ते पास्कल पिढीचं, आणि एनव्हीडियाच्या ह्या कार्डांचे ड्रायव्हर मॅकओएसच्या २०१७ च्या हाय सिएरा आवृत्तीपर्यंतच आले, २०१८ च्या मोहावेपासून पुढं नाहीत. कार्ड चांगलं, गेमला मस्त चालणारं, खरं मॅकओएसपुढं नुसती पत्र्याची पेटी. दोन कंपन्यांचं जमलं नाही आणि लोकांच्या पेटीतली कार्डं वाया गेली, हे मला तेव्हापण पटलं नाही आणि आजपण पटत नाही. प्रोसेसरच्या आतच यूएचडी ६३० ग्राफिक्स होतं आणि ते मॅकओएसला ओळखीचं, म्हणून केबल तिकडं लावली.

आता यूएसबीबद्दल, कारण माझ्या मते खरा अभ्यास इथंच होतो. मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ च पोर्ट मानतं. पंधरा म्हणजे खूप झाले असं वाटतं, पण हिशोब तसा नाही. निळ्या जिभेचा जो यूएसबी ३ चा पोर्ट असतो तो आतनं दोन धरला जातो, एक जुन्या वेगाचा, त्याचं नाव एचएस आणि पुढं नंबर, आणि एक नव्या वेगाचा, एसएस आणि नंबर. शिवाय बोर्डावर आतल्या बाजूला कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांसाठी पिना असतात, त्यांचे वेगळे. आणि जे पोर्ट बोर्डावर प्रत्यक्षात नाहीतच, त्यांची नावं पण तक्त्यात लिहिलेली सापडतात! सगळं धरून आमचं गणित पंधराच्या वर चाललेलं. मग सिस्टीम आपल्या मनानं पहिले पंधरा धरते आणि बाकीचे सोडते, आणि सोडलेल्यात नेमका तुमच्या इन्स्टॉलरचा पेनड्राईव्ह लावलेला पोर्ट असला की स्क्रीनवर ओळ येते, स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाईस, आणि तिथंच थांबतं. ही ओळ ज्यानं बघितली त्याला ती विसरत नाही.

उपाय काय, तर प्रत्येक पोर्टाला हात लावून बघायचा. आम्ही कॅबिनेट टेबलावर आडवं घातलं, एका वहीच्या पानावर मागच्या बाजूचं चित्र काढलं, गोल पीएस-टू, त्याखाली दोन काळे, मग एचडीएमआय, मग निळे, मग लॅनच्या खालचे दोन. हातात दोन पेनड्राईव्ह, एक जुना यूएसबी २ चा आणि एक यूएसबी ३ चा. दोस्त एक एक भोकात जुना घालणार, मी स्क्रीनवर बघणार कोणतं नाव उजळतंय, "एचएस झिरो थ्री" म्हणून ओरडणार, तो पेन्सिलीनं त्या चौकोनात लिहिणार, मग त्याच भोकात नवा घालायचा, "एसएस झिरो थ्री". असं करत करत पुढचे, मागचे, सगळे. शेवटी कागदावर आमच्या बोर्डाचा असा नकाशा आला की जो बोर्डाच्या कंपनीनंपण खोक्यात घालून दिलेला नव्हता. मग बसून ठरवायचं, कोणते ठेवायचे, कोणते सोडायचे. कीबोर्ड-माऊस जिथं लागतात तिथला वेगाचा भाग काढून टाकला, कारण कीबोर्डाला तो वेग लागत नाही. हार्डडिस्कसाठी मागचे निळे पूर्ण ठेवले. एकूण पंधराच्या आत बसवलं. आणि गंमत म्हणजे हा नकाशा दिल्यानंतर मशीन नीट झोपायला लागलं, त्याच्या आधी स्लीप म्हटलं की डोळा मिटून लगेच परत जागं व्हायचं. यूएसबीचा आणि झोपेचा काय संबंध, असं वाटतं, पण कोणतं पोर्ट बाहेरचं आणि कोणतं आतलं हे सिस्टीमला चुकीचं कळलं की तिला वाटतं कुणीतरी उठवतंय.

दोन घरांतले अगदी सेम मॉडेलचे बोर्ड असले, तरी कॅबिनेट वेगळं असलं, पुढच्या पॅनेलची वायर वेगळ्या पिनांना लावली असली, की नकाशा बदलला. फोल्डर न देण्याचं माझं सगळ्यात मोठं कारण हेच.

ग्राफिक्सनं पण चांगलंच शिकवलं. इन्स्टॉलर चालू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळतात, व्हर्बोस मोड म्हणतात त्याला, आणि आम्ही त्या ओळी वाचत बसायचो. सगळं व्यवस्थित पळायचं आणि नेमकं चित्र यायच्या वेळी पडदा काळा. मशीन जिवंत, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, पण चित्र नाही. यूएचडी ६३० ला तू कोणत्या मॉडेलसारखं वागायचंस हे सांगणारा एक नंबर असतो, ३ई९बी०००७. तो फाईलमध्ये लिहिताना मात्र उलटा लिहायचा असतो, दोन दोन अक्षरांचे तुकडे करून शेवटचा तुकडा आधी, म्हणजे ०७००९बी३ई. असं का, तर इंटेलचा प्रोसेसर आकड्याचा शेवटचा तुकडा मेमरीत पहिल्यांदा ठेवतो. दोस्ताला हे चटकन कळलं, मला जरा वेळ लागला. नंबर बरोबर बसल्यावरपण आमचा एचडीएमआय काळाच राहिला, कारण बोर्डावरचा एचडीएमआय आतनं ज्या तारेला जोडलाय ती तार, बस-आयडी म्हणतात, आयमॅकमध्ये वेगळी असते. मग बस-आयडी एक एक बदलत गेलो, बदला, रीस्टार्ट करा, ओळी बघा, काळं, परत बदला. आणि एका वेळी पडद्यावर राखाडी पार्श्वभूमी आली, वर मधोमध माऊसचा बाण. दोस्त खुर्चीवरनं उठला आणि "बंतु नोडो, बंतु!" (आलं बघ, आलं!) म्हणून असा ओरडला की शेजारच्या अक्का खिडकीत आल्या.

साऊंडला फार काही लागलं नाही. बोर्डावरच्या चिपसाठी लेआउटचे नंबर असतात, १, २, ३, ५, ७, ११ असे, लावून बघत जायचं, ज्याला मागचं हिरवं भोक बोलतं तो आपला. लॅनला रिअलटेकचा केक्स्ट, म्हणजे मॅकओएसचा ड्रायव्हर, लागतो, तो आहेच तयार. वायफाय घेतलंच नाही.

सिस्टीम लागल्यावर पहिली गोष्ट मी काय केली असेल तर टायटल लिहून बघितलं. आमच्याकडं लग्नाच्या व्हिडिओला बऱ्याचदा दोन्ही लागतात, नवरीकडचे मराठी आणि नवऱ्याकडचे कन्नड, किंवा उलटं, आणि नावं दोन्ही लिपीत पाहिजेत. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ह्यासाठी जुने फॉन्ट, एक कीबोर्ड मराठीचा वेगळा, कन्नडचा वेगळा, जोडाक्षर तुटलं की चित्र म्हणून चिकटवायचं, असली कसरत होती. मॅकओएसमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही फॉन्ट मुळातच येतात, कोहिनूर देवनागरी काय, कन्नड संगम काय. एकाच ओळीत "चि. सौ. कां." आणि त्याच्यापुढं कन्नड नाव टाइप केलं, एकही अक्षर तुटलं नाही. कोल्हापूरची डिस्क लावली. फॉरमॅट करू का म्हणून कुणी विचारलं नाही, डिस्क सरळ उघडली, आत फायनल कटची लायब्ररी दिसत होती.

आता कायद्याचं. ते टाळून लिहिणं मला बरं वाटणार नाही. मॅकओएस २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून फुकट आहे हे खरं, पण त्याच्या लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलंय की ते ॲपलच्याच मशीनवर टाकायचं. आम्ही केलं ते त्या लायसन्सच्या बाहेरचं. सिस्टीमच्या आत डोंट स्टील मॅक ओएस एक्स अशा नावाचा एक केक्स्टच आहे, आणि ॲपलच्या मशीनमधल्या एका चिपमध्ये एक वाक्य ठेवलेलं असतं, आमची मेहनत या शब्दांनी राखलेली आहे, कृपया चोरू नका, अशा अर्थाचं. व्हर्च्युअलएसएमसी नावाचा केक्स्ट त्या चिपची जागा घेतो, म्हणून सिस्टीम पुढं सरकते. मी ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ थांबलो. ज्यांनी लिहिलं त्यांनी मनापासून लिहिलंय. माझं स्वतःचं मत झालं ते असं, की शिकायला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मशीनवर केलं तर ते मी माझ्या मनाला पटवू शकतो. विकायला, किंवा दुसऱ्याला पैसे घेऊन टाकून द्यायला, नाही. त्यामुळं ट्रायल संपेपर्यंत फायनल कट शिकलो, डिस्का उघडून बघितल्या, पण गिऱ्हाइकाचं काम विंडोजवर डाविंची रिझॉल्व्हमध्येच करून दिलं. काही दुकानं पैसे घेऊन हे टाकून द्यायची आणि अपडेट आला की माणूस रडत यायचा, ते मला कधीच आवडलं नाही.

आणि ज्यांनी हे सगळं शोधून लिहून ठेवलं त्यांच्याबद्दल काय सांगू. अकिडँथेरा म्हणून जो गट ओपनकोर आणि लीलू, व्हॉटएव्हरग्रीन, ॲपलएएलसी हे केक्स्ट सांभाळतो, डॉर्टेनिया म्हणून ज्यांनी ते गाईड लिहिलं, ह्यातल्या कुणाला आम्ही बघितलेलं नाही. पण कोणत्या पिढीच्या प्रोसेसरला कोणता तक्ता लागतो, का लागतो, नाही दिला तर नेमकं काय होतं, हे इतक्या बारकाईनं लिहिलंय की वडगाव आणि शहापूरच्या दोन पोरांना, ज्यातल्या एकानंही कॉम्प्युटरची डिग्री घेतलेली नाही, ते वाचून करता आलं. ह्याच बेळगावात व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय आहे, गावात इंजिनिअरिंगची चांगली कॉलेजं आहेत, आणि तिथल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना एसीपीआय काय असतं हे मी चहाच्या टेबलावर सांगितलेलं आहे. त्यांची चूक नाही, त्यांना कुणी मशीन उघडून, पोर्ट मोजून बघ म्हटलेलंच नसतं.

आता हे संपत आलंय. जून २०२० मध्ये ॲपलनं इंटेल सोडून स्वतःच्या चिपवर जायचं ठरवलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एम१ आला, २०२३ मध्ये शेवटचा इंटेलवाला मॅक प्रो विक्रीतनं गेला आणि जून २०२५ मध्ये त्यांनी सांगून टाकलं की मॅकओएस २६, टाहो, ही इंटेलसाठीची शेवटची आवृत्ती. त्यातही मी ओपनकोरमध्ये ज्या २०१९ च्या आयमॅकची ओळख सांगून माझं मशीन चालवत होतो तो आयमॅक टाहोच्या यादीत नाहीच, त्याचा रस्ता २०२४ च्या सिक्वोयाला संपला. ज्यांची चिपच वेगळी त्या सिस्टीमला आमच्या बोर्डाचे तक्ते कितीही नीट लिहून दिले तरी उपयोग नाही.

आणि हे फक्त ॲपलचं आहे असं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं, मधले अगदी थोडे अपवाद सोडले तर. माझा ८४०० आठव्या पिढीचा म्हणून बचावला. आमच्याच गल्लीत लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्या काकांचा ७५०० सातव्या पिढीचा, तो बाहेर. आदल्या रात्रीपर्यंत दोन्ही मशीनं आपापलं काम नीट करत होती. काका मला विचारत होते, "खराब झालाय काय रे माझा?" मी म्हटलं, काका, काहीही खराब नाही, तिकडं लांब कुणीतरी यादी केली आणि तुमचं नाव त्यात घातलं नाही. त्यांना पटलं नाही, त्यांना वाटतंय मशीनमध्येच काहीतरी दोष आहे. बहुतेक लोकांना तसंच वाटतं. सपोर्ट नाही म्हणजे मशीन निकामी, असं आपण धरून बसतो आणि चालतं मशीन भंगारात घालतो, मला ह्याचा फार राग येतो. काकांच्या मशीनवर मी लिनक्स मिंट लावून दिलंय, प्रिंटर चालतोय, युनिकोड मराठी-कन्नड दोन्ही चालतंय, फक्त त्यांच्या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरसाठी नेट काढून ठेवलेलं विंडोज १० बाजूला तसंच ठेवलंय.

आता कुणी मला विचारलं की पैसे वाचवायला हॅकिंटॉश करू का, तर मी नको म्हणतो. २०२४ च्या शेवटी एम४ चा मॅक मिनी ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसकट, आणि तेवढ्या पैशात मिक्सिंगला तसा पीसी असेंबल होत नव्हता. मीपण तोच घेतलाय, गेल्या सीझनची सगळी लग्नं त्याच्यावर झाली. शिकायचं असेल तर मात्र अजूनही वेळ आहे, जुने इंटेल बोर्ड बाजारात ढिगानं पडलेत, गाईड अजून तिथंच आहे.

माझा असेंबल पीसी दोस्ताच्या पोरीला दिलाय, ती यंदा डिप्लोमाला लागली. डिस्क पूर्ण कोरी करून दिली, ईएफआयसकट. कुठली सिस्टीम टाकायची ते तिचं तिनं ठरवायचंय, लिनक्स म्हणत होती. "मामा, नकाशाचा कागद पण द्या," म्हणाली, तो दिला नाही, कारण कॅबिनेट बदललंय आणि पुढच्या पॅनेलची वायर आता दुसऱ्या पिनांना आहे. बोर्डाचं खोक्यातलं छापील मॅन्युअल दिलंय, एक वही दिलीय आणि माझ्याकडचे दोन पेनड्राईव्ह, एक जुना, एक नवा.